काखेतला वाद

आमच्या आत्याने नागपुरात उभी हयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. माझा धाकटा भाऊ मुंबईत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. बाहेरच्या माणसाला दोघांचा विषय एकच वाटतो. पण आत्याने माणूस पाहिला तो मेल्यानंतर, आणि धाकटा पाहतो तो जिवंत. हृदयावरून किंवा मूत्रपिंडावरून त्यांच्यात कधी वाजत नाही. वाजतं ते लसीकेवरून, म्हणजे लिम्फवरून. कारण लसीकावाहिन्या मेलेल्या शरीरात जवळजवळ दिसत नाहीत, आणि जिवंत शरीरात दिसाव्यात म्हणून त्यांच्यात आधी काहीतरी भरावं लागतं. मी दोन्हींतला नाही. मधूनमधून ‘म्हणजे काय?’ विचारणं एवढंच माझं काम. दिवाळीत झालेलं हे बोलणं थोडं सावरून इथे देतो. सावरलं नसतं तर अर्धं लॅटिन आणि अर्धा आरडाओरडा झाला असता.

धाकटा: लसीकासंस्थेला किती तास द्यायचीस गं तू?

आत्या: एक. तोही परीक्षेच्या तोंडावर. दाखवणार काय? धमन्यांत लाल रंग भरलेला असतो, शिरा सापडतात, मज्जातंतू चिमट्यात धरता येतात. लसीकावाहिनी फॉर्मॅलिनमध्ये मिटून जाते. चरबी साफ करा म्हटलं की मुलं चरबीबरोबर तीही साफ करतात, आणि वर ‘मॅडम, झालं’ म्हणून हात पुसतात.

धाकटा: पण थोरॅसिक डक्ट मात्र तू व्हायव्हात हमखास विचारायचीस.

आत्या: विचारणारच. हाताला लागेल अशी ती एकटीच. पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यासमोर एक लहानशी पिशवी असते, सिस्टर्ना कायली. तिथून नळी निघते, महाधमनीच्या सोबतीने श्वासपटलातून छातीत येते आणि कण्यावरून चढत जाते. डावीकडे महाधमनी, उजवीकडे अझायगस शीर, पुढे अन्ननलिका. पाचव्या वक्षमणक्याच्या आसपास ती डावीकडे सरकते आणि मानेच्या मुळाशी, मानेची शीर आणि हाताची शीर जिथे एकत्र येतात, त्या डाव्या कोपऱ्यात रिकामी होते. लांबी चाळीसेक सेंटिमीटर, रुंदी काही मिलिमीटर. दोन्ही पाय, सगळं पोट, छातीची डावी बाजू, डावा हात, डोक्या-मानेची डावी बाजू, एवढ्या मुलखाची लसीका या एका नळीतून जाते. उजवीकडचा वरचा चतकोर तेवढा उजव्या आखूड नळीच्या वाट्याला. मुलांना हे पटायचं नाही. शरीर डावं-उजवं सारखं असलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

धाकटा: मला पटतं, कारण मला ते रोज दिसतं. जठराचा कॅन्सर पसरला की गाठ डाव्या कॉलरबोनच्या वर येते, उजव्या नाही. फिर्कोने 1848 मध्ये लिहून ठेवलंय. पोटाचा डॉक्टरसुद्धा आधी मान चाचपतो, ती याच नळीमुळे.

इथपर्यंत एकमत होतं. ते फार टिकलं नाही. पेशंटला सोपं करून सांगण्यासाठी आपण काय म्हणतो, हे धाकट्याने सांगितलं आणि आत्याच्या हातातली चकली ताटात परत गेली.

धाकटा: मी सरळ सांगतो, रक्त म्हणजे घरात येणारं पाणी आणि लसीका म्हणजे गटार. लगेच समजतं.

आत्या: गटारातलं पाणी तू परत हंड्यात भरतोस का?

धाकटा: म्हणजे?

आत्या: म्हणजे लसीका जाते कुठे? परत रक्तात. केशवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातला द्रव सतत बाहेर झिरपतो, पेशींच्या मधल्या फटींत उतरतो. त्याच्याबरोबर प्रथिनंही थोडी थोडी निसटतात. तो द्रव परत न्यायचा, ती प्रथिनं परत न्यायची. दिवसभरात रक्तातल्या एकूण प्रथिनांच्या जवळपास निम्मी या वाटेने परत येतात. ही वाट बंद पडली तर माणूस फार तर दिवसभर तगेल. आणि तू तिला गटार म्हणतोस!

धाकटा: पण प्रमाण बघ ना. केशवाहिनीच्या एका टोकाला द्रव बाहेर येतो, दुसऱ्या टोकाला बराचसा परत आत जातो, आणि उरलेला दहावा हिस्सा लसीकेला. आम्ही स्टार्लिंग असाच शिकलो.

आत्या: स्टार्लिंगने 1896 मध्ये मांडलं ते दाबांचं गणित. त्यावर पुढच्यांनी काढलेलं ते चित्र, एका टोकाला बाहेर आणि दुसऱ्या टोकाला आत, ते शतकभर पुस्तकांत राहिलं. लेव्हिक आणि मिशेल या दोघांनी 2010 मध्ये सगळी मोजमापं एकत्र मांडून दाखवलं, की बहुतेक अवयवांत शिरेकडच्या टोकाला द्रव असा कायमचा आत ओढला जातच नाही. झिरपलेल्या द्रवाचा मोठा भार लसीकाच उचलते. आतडं, मूत्रपिंड असे अपवाद आहेत. पण तुझा तो दहावा हिस्सा गेला.

धाकट्याने हे मान्य केलं, पण ‘क्लिनिकमध्ये त्याने काय फरक पडतो’ असं पुटपुटत. फरक पडतो, असं मला वाटतं. सूज आली की आपण शिरांकडे, हृदयाकडे, मिठाकडे बोट दाखवतो. परत नेणारी वाट मुळात कोणती, हे चुकीचं धरलं तर सुजेचा हिशेबच चुकतो.

मी विचारलं, हा द्रव त्या वाहिन्यांत शिरतो तरी कसा? तिथे हृदय नाही, ढकलणारं कोणी नाही.

आत्या: हे खरं बघण्यासारखं, आणि डिसेक्शनच्या टेबलावर कधीच न दिसणारं. सुरुवातीच्या लसीकावाहिन्या एका टोकाला बंद असतात. भिंत एकाच थराच्या पेशींची, आणि त्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या. मधे मधे टाचल्यासारख्या जोडलेल्या, बाकी मोकळ्या. बाहेरून बारीक तंतू त्या पेशींना आजूबाजूच्या उतींशी बांधून ठेवतात. उतींत पाणी वाढलं, त्या फुगल्या, की तंतू ताणले जातात आणि कडा उघडतात. सूज आली की शीर दाबली जाते, पण ही नेमकी तेव्हाच उघडते. द्रव आत शिरला की आतल्या दाबाने कडा परत मिटतात. पुढच्या वाहिन्यांत झडपा आहेत, आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा आपला आपण आकुंचन पावतो. एकामागून एक.

धाकटा: आणि पायाचे स्नायू, श्वास?

आत्या: ते मदत करतात. पण तू झोपलास आणि पाय हलवले नाहीस, तरी ते तुकडे चालूच असतात. पंप नाही असं म्हणायचं नाही. पंप हजारो आहेत, एवढंच.

धाकटा: बरं, गटार मागे घेतो. पण एक तू कबूल कर. तुमच्या शास्त्राने लसीकावाहिनी स्वतःहून कधीच पाहिली नाही. दर वेळी आत काहीतरी घातलंत, तेव्हा दिसली. दूध, पारा, शाई.

हा टोला आत्याला आवडला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती खुर्चीत सरसावून बसली आणि 1622 मध्ये गेली.

आत्या: दूध कोणी घातलं नव्हतं. कुत्रं जेवलं होतं. 23 जुलै 1622, मिलान. गास्पारे असेली मित्रांना स्वरयंत्राचे मज्जातंतू आणि श्वासपटलाची हालचाल दाखवत होता, जिवंत कुत्र्यावर. त्या काळी तसंच करत. आतडी बाजूला सारली, तर आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं! आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापलं, तर पांढरा द्रव उसळला. नंतर दुसरं कुत्रं घेतलं, त्यात काहीच नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की पहिलं पोटभर जेवलेलं होतं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1627 मध्ये आलं, आणि शरीररचनेची रंगीत चित्रं छापलेलं ते पहिलं पुस्तक. पांढरं वेगळं दाखवायचं तर रंग हवेच होते. पुढे फ्रान्समधल्या एक्स गावी पेरेस्क नावाच्या गृहस्थाने हेच माणसात पाहायचं ठरवलं. फाशीच्या कैद्याला आधी पोटभर जेवू घातलं.

धाकटा: भीषण आहे.

आत्या: आहेच. आणि तू काय करतोस? अन्ननलिकेच्या ऑपरेशनमध्ये डक्टला धक्का लागू नये म्हणून पेशंटला आधी साय किंवा तेल देतात ना नळीतून? डक्ट पांढरी होऊन उठून दिसावी म्हणून? कृती तीच. फक्त माणूस वाचवायचा आहे, एवढा फरक. तो मोठा फरक आहे, मान्य.

असेलीची एक समजूत चुकली होती. तो पांढरा रस यकृताकडे जातो, असं त्याने धरलं, कारण रक्त यकृतात तयार होतं असं दीड हजार वर्षं मानलं जात होतं. 1651 मध्ये झाँ पेके या तरुण विद्यार्थ्याने दाखवलं, की तो रस यकृताला पूर्ण वळसा घालून छातीतल्या नळीने थेट मानेच्या शिरेत जातो. पुढच्याच वर्षा-दोन वर्षांत स्वीडनचा ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कचा थॉमस बार्थोलिन यांनी आतड्यांच्या बाहेरही, सगळ्या शरीरात तशाच, पण पाण्यासारखा स्वच्छ द्रव वाहणाऱ्या वाहिन्या दाखवल्या. आधी कोणी पाहिल्या यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं. ते मी इथे सोडून देतो, कारण आत्याही रुडबेकची बाजू घेऊन दहा मिनिटं बोलली आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

धाकटा: आणि पारा?

आत्या: पारा मास्कान्यीचा. सिएनाचा. प्रेतांच्या वाहिन्यांत बारीक काचनळीने पारा सोडायचा, तो झडपांच्या दिशेने पुढे सरकतो, वाहिनी चकाकते. 1787 मध्ये त्याने सगळ्या शरीराचा नकाशा छापला. तो उघडून बघ कधीतरी. मी जे एका तासात शिकवायचे, ते त्या माणसाने आयुष्य घालवून काढलं.

धाकटा: आणि तरीही तो नकाशा माझ्या पेशंटचा नाही. माझा मूळ मुद्दा तोच आहे, आत्या. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, बेंबीच्या वरच्या त्वचेची लसीका काखेत, खालच्या त्वचेची जांघेत. सुरेख रेष. सिडनीत त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशंटवर किरणोत्सारी द्रव्य टोचून वाट बघितली, तर पाठीवरच्या एकाच जागेतून कुणाची काखेत, कुणाची मानेत, कुणाची दोन्ही काखांत. प्रत्येकाची वाट वेगळी. स्तनाचंही तेच. साधारण तीन चतुर्थांश लसीका काखेत जाते, बाकीची उरोस्थीच्या कडेने छातीच्या आत. पण हे ‘साधारण’ घेऊन मी समोरच्या बाईला काय सांगू?

यावर आत्या थोडा वेळ गप्प होती. माझ्या मते हा धाकट्याचा सर्वांत बळकट मुद्दा. रचनाशास्त्र सरासरी माणसाचं असतं, आणि सरासरी माणूस ऑपरेशनला येत नाही.

मग बोलणं काखेवर आलं, आणि तिथेच थांबलं. दोघांनाही तिथेच यायचं होतं, असा मला संशय आहे.

आत्या: काखेत वीस-तीस लसीकाग्रंथी असतात. तुम्ही त्यांना ‘नोड काढले’ म्हणता, जणू चिंचोके वेचताय. आत काय चालतं ते बघ. बाहेरच्या फुगीर बाजूने कितीतरी वाहिन्या आत शिरतात, खळग्याच्या बाजूने एक-दोनच बाहेर पडतात. मधे लसीका संथ होते, झिरपत पुढे जाते. बाहेरच्या थरात बी पेशींचे पुंजके, त्याच्या आत टी पेशी. त्वचेतून आलेल्या पेशी जंतूचा तुकडा घेऊन येतात आणि इथे दाखवतात. ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखता येतो, ती वाढते, विभागते. पायाला काटा लागला की जांघेत अवधाण येतं ना, ते हे काम चाललेलं असतं. ते दुखणं आजाराचं नाही, तयारीचं आहे.

धाकटा: किंवा गाठीच्या तापाचं.

आत्या: हो, तिथे तयारी हरते. पायाला पिसू चावते, जंतू जांघेतल्या ग्रंथीत पोचतो आणि तिलाच खातो. म्हणून तर 1896-97 मध्ये लोकांना ग्रंथी कुठे कुठे असतात ते कळलं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिला प्लेग ओळखला, आणि पुढे रेल्वे स्टेशनांवर गाडीतून उतरलेल्या माणसांच्या काखा-जांघा चाचपायला सुरुवात झाली. पुण्यात तर गोरे सोल्जर घरात शिरून. सर्वसामान्य माणसाला लसीकासंस्थेची ओळख करून देण्याची याहून वाईट पद्धत नसेल.

मी विचारलं, रक्तातल्या लसीकापेशी आणि या ग्रंथीतल्या पेशी त्याच का?

आत्या: त्याच, आणि हे कळायला 1950 चं दशक संपत यावं लागलं. तोवर लोकांना वाटायचं, या पेशी रक्तात येतात आणि मरतात. ऑक्सफर्डला जेम्स गोवान्सने उंदरांच्या थोरॅसिक डक्टमध्ये नळी घालून लसीका दिवसेंदिवस बाहेर काढली, तर पेशी आटत गेल्या. त्याच पेशी परत रक्तात सोडल्या, तर त्या डक्टमध्ये पुन्हा हजर. म्हणजे त्या ग्रंथीतून रक्तात, रक्तातून परत ग्रंथीत, अशा फिरत राहतात. ज्याला तू गटार म्हणत होतास, तो हा फेरा आहे.

धाकटा: मागे घेतलंय ते मी.

आत्या: आठवण करून दिली.

धाकटा: आता माझं ऐक. तू सांगितलेलं सगळं खरं आहे आणि कॅन्सरही त्याच वाटेने चालतो. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडने 1894 मध्ये आपली पद्धत जगासमोर मांडली, तेव्हा त्याच्या डोक्यात तुझाच नकाशा होता. स्तनातून काख, काखेतून पुढे, टप्प्याटप्प्याने. ग्रंथी म्हणजे नाका. मग नाक्यापर्यंतचं सगळं काढा. स्तन, छातीचे दोन्ही स्नायू, काखेतल्या सगळ्या ग्रंथी. पंचाहत्तर वर्षं जगभर तेच. बायका जगल्या, पण छातीच्या फासळ्या दिसायच्या आणि हात सुजलेला.

आत्या: त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, काही वर्षांनी, फ्लॉरेन्स सॅबिन डुकराच्या भ्रूणांत शाई टोचत होती. लसीकावाहिन्या शिरांपासूनच फुटतात, बाहेर पसरत जातात, हे तिने दाखवलं. हंटिंग्टनसारखी माणसं म्हणायची, छे, त्या उतींत वेगळ्या तयार होतात आणि मग शिरांना जाऊन मिळतात. शंभर वर्षं वाद. आता बहुतांश सॅबिनच्या बाजूने, पण उंदरांच्या हृदयाच्या काही लसीकावाहिन्या शिरांपासून येत नाहीत, असंही निघालंय. एका छताखाली एकजण या वाहिन्या कशा उगवतात ते बघत होती आणि दुसरा त्या मुळासकट उपटत होता.

धाकटा: ‘उपटत’ अन्याय आहे. त्या काळी त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. खरा धक्का दिला तो बर्नार्ड फिशरने. 1971 मध्ये त्याने चाचणी सुरू केली. काखेत गाठ लागत नाही अशा बायकांचे तीन गट. एका गटात हॉल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया, दुसऱ्यात स्तन काढून किरण, तिसऱ्यात नुसता स्तन काढला, काखेला हात नाही. पंचवीस वर्षांनंतरही जगण्यात फरक नाही! आणि त्यातला हा आकडा लक्षात ठेव. पहिल्या गटात काढलेल्या ग्रंथी तपासल्या, तर सुमारे 40 टक्के बायकांच्या काखेत कॅन्सर होता. म्हणजे तिसऱ्या गटातही तेवढाच असणार. पण त्यांच्यात पुढे काखेत गाठ उठली ती साधारण 18 टक्क्यांत.

आत्या: बाकीच्यांचं काय झालं?

धाकटा: काहींचा स्तन काढतानाच थोड्या ग्रंथी गेल्या असतील. काहींचा आजार तसाच पडून राहिला असेल. ग्रंथीने काही मारलाही असेल, हे तुला ऐकायचंय. ते मी शपथेवर नाही सांगणार. फिशरचं म्हणणं इतकंच, की काख हा नाका नाही, तिथे आजार थांबत नाही. काख फक्त बातमी देते.

आत्या: बातमी मिळवायला वीस ग्रंथी कशाला मग?

धाकटा: नाहीच लागत! म्हणून सेंटिनेल. स्तनातून निघालेली लसीका ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते, ती शोधायची. 1992 मध्ये मॉर्टनने निळा रंग टोचून मेलॅनोमात दाखवलं, 1994 मध्ये जुलिआनोने स्तनाच्या कॅन्सरमध्ये. रंग टोचायचा, थोडा वेळ चोळायचं, काखेत छोटा छेद. चरबीत एक निळी रेघ दिसते. तिच्या मागे गेलं की निळी गाठ. ती स्वच्छ, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. इथे मला मास्कान्यी लागत नाही, आत्या. ती बाई स्वतःचा नकाशा स्वतः काढून देते.

आत्या: आणि जिथे किरणोत्सारी द्रव्य नाही, मोजायचं यंत्र नाही, तिथे?

धाकटा हसला. या प्रश्नात तो अडकणार, हे त्याला माहीत होतं.

धाकटा: तिथे टाटा मेमोरियलची रीत. काखेच्या तळाशी, पहिला इंटरकोस्टोब्रेकियल मज्जातंतू दिसतो तिथपर्यंतची चरबी आणि ग्रंथी काढून तपासायच्या. वरच्या तशाच ठेवायच्या. ती पहिली ग्रंथी बहुतेक वेळा त्यातच असते. रंग नको, यंत्र नको.

आत्या: मज्जातंतू! जो डोळ्यांनी दिसतो, जो मी मुलांना टेबलावर दाखवला, तो! तुझी बाई स्वतःचा नकाशा स्वतः काढते, पण यंत्र नसलं की तुला माझाच नकाशा लागतो.

धाकटा: लागतो. पण तुला तो मज्जातंतू ज्या कामासाठी आवडतो, ते काम वेगळं. तो कापला की बाईचा दंड आतून बधिर होतो, म्हणून मी तो जपतो.

जेवणं झाल्यावर विषय विदर्भाकडे वळला. तिथल्या जिल्ह्यांत हत्तीरोग लोकांच्या पाहण्यातला आहे. पायाचा खांब झालेला माणूस आम्ही लहानपणी बाजारात पाहिला आहे. लसीकासंस्थेचं महत्त्व सांगायला दुसरा पुरावा नको. या रोगाचे जंत राहतात ते लसीकावाहिन्यांच्या आतच. सोनोग्राफीत ते वळवळताना दिसतात, आणि डॉक्टर त्याला चक्क नृत्य म्हणतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात येतात, पण रात्री. 1872 मध्ये टिमोथी लुइसने ती कलकत्त्यात माणसाच्या रक्तात पाहिली, 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने ती डासात वाढताना पाहिली. पिल्लं रात्रीच रक्तात सापडतात म्हणून रक्ततपासणीचे कर्मचारी गावात रात्री येतात, आणि झोपमोड होते म्हणून लोक दार उघडत नाहीत.

आत्या: यात मेलेला जंत जास्त त्रासाचा. वाहिनीच्या झडपा आधीच ढिल्या झालेल्या, त्यात सूज, मग बोटांच्या बेचक्यांतून जंतुसंसर्ग. प्रत्येक तापाला आणखी थोड्या वाहिन्या जातात. गोळ्या नवा संसर्ग थांबवतात, गेलेल्या वाहिन्या परत आणत नाहीत. त्या पायाला रोज साबण-पाणी, कोरडं करणं, पाय उंच ठेवणं. हेच काम. कुणाला भारी वाटत नाही, म्हणून होत नाही.

धाकटा: माझ्या पेशंटच्या हाताचंही अगदी हेच. आणि त्या इंटरनेटवर लसीकेचं विष काढायच्या मसाजवाल्या आहेत ना—

आत्या: त्यांच्याबद्दल बोलून माझं दूध नासवू नकोस.

मेंदूचा विषय मी काढला, कारण तो अलीकडे सगळीकडे वाचायला मिळतो. मेंदूला लसीकावाहिन्या नाहीत, असं आम्हा सर्वांना शाळेपासून सांगितलेलं. 2015 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या किप्निसच्या गटाने आणि हेलसिंकीच्या अलितालोच्या गटाने, उंदरांत, मेंदूवरच्या जाड आवरणात त्या दाखवल्या. मोठ्या शिरांच्या कडेने. व्हर्जिनियाच्या गटाची युक्ती आत्याला फार आवडते. आवरण कवटीतून ओरबाडून काढण्याआधी ते कवटीतच पक्कं करून घेतलं, म्हणून वाहिन्या फाटल्या नाहीत.

आत्या: मास्कान्यीने 1787 मध्ये तेच म्हटलं होतं. लोकांनी त्याला वेडा ठरवलं.

धाकटा: म्हटलं होतं, बरोबर. पण आवरणात वाहिन्या आहेत, एवढंच सिद्ध झालंय. झोपेत मेंदू धुऊन निघतो, ही पुढची गोष्ट अजून पक्की नाही. 2013 चा उंदरांवरचा निष्कर्ष होता, की झोपेत सफाई वाढते. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने उलट मोजलं, की झोपेत आणि भुलीत ती कमी होते. दोन्हीकडे मोजण्याची पद्धत वेगळी. लोकांनी मात्र उशीचे ब्रँड विकायला सुरुवात केली.

इथे मी धाकट्याच्या बाजूचा. आवरणातल्या वाहिन्या कापून, रंगवून दाखवल्या आहेत. झोपेची गोष्ट अजून मोजमापाच्या भांडणात आहे. पण आत्याने मान डोलावली ती मास्कान्यीसाठी, झोपेसाठी नाही.

शेवटी पुन्हा काख.

धाकटा: तुला आवडेल असं एक सांगतो. आम्ही हळूहळू काखेतून माघार घेतोय. सेंटिनेल ग्रंथी एक-दोन बाधित निघाल्या, आणि स्तन वाचवून किरण द्यायचे असतील, तर बाकीची काख सोडून दिली तरी चालतं. दहा वर्षांचे निकाल 2017 मध्ये आले, जगण्यात फरक नाही. आणि 2023 मध्ये त्याही पुढचं. स्तनातली गाठ 2 सेंटिमीटरपर्यंत, सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा बायकांत सेंटिनेलसुद्धा काढली नाही. पाच वर्षांनी आजार दूर पसरण्याचं प्रमाण वाढलेलं नाही. मिलानच्या लोकांनी केलेली चाचणी.

आत्या: मिलान? असेलीचं मिलान?

धाकटा: तेच. पण माझ्या ओपीडीत बसलेली बाई मिलानची नाही. ती गाठ लागल्यावर वर्षभर घरात सांगत नाही. माझ्यापर्यंत येते तेव्हा काखेत बोटाला लागेल अशी गाठ असते, कधी एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन. तिची काख मला पूर्ण काढावी लागते. पेक्टोरॅलिस मायनरच्या खालच्या, मागच्या आणि गरज पडली तर वरच्यासुद्धा. तिथे तुझा गोवान्स आणि तुझे टी पेशींचे पुंजके मला थांबवू शकत नाहीत.

आत्या: थांबवायचं नाहीच तुला. बाधित ग्रंथी शिकवण्याचं काम करत नाही, ती जाऊ दे. पण त्यांच्याबरोबर हाताच्या वाहिन्याही जातात, कारण हाताची आणि स्तनाची लसीका त्याच काखेत येते. हे तू नकाशावर बघितलंयस. हात सुजू शकतो हे तिला कधी सांगतोस?

धाकटा: संमतिपत्रावर सही घेताना.

आत्या: त्याआधी सांग. आणि ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांचं माप घेऊन केसपेपरवर लिही. कामाचा हात बहुतेकींचा मुळातच थोडा जाड असतो. आधीचा आकडा नसेल तर सहा महिन्यांनी सूज आहे की नाही, हे तू कशावरून ठरवणार?

धाकटा: माप घेतात. सिस्टर घेतात.

आत्या: मनगटापासून किती सेंटिमीटरवर? दर वेळी त्याच जागी?

धाकट्याला ते माहीत नव्हतं. त्याने खिशातून फोन काढला आणि वॉर्डात लावला.